तंबोरा गिळणारी यंत्रं

कॅसेटवरची जुनी बैठक नातवानं कॉम्प्युटरवर उतरवली, खरखर काढून टाकली आणि मोठ्या हौसेनं आजोबांना ऐकवली की पहिला प्रश्न ठरलेला: "तंबोरा कुठं गेला रे?" नातू पुन्हा ऐकतो. गाणं आहे, तबला आहे, पेटी आहे. टेपची ती 'सूं' गेली म्हणून तो उलट खूश. आजोबा नुसती मान हलवत बसतात, आणि घरातले बाकीचे 'वयामुळं ऐकू कमी येतंय' म्हणून विषय मिटवून टाकतात.

आजोबांचं खरं असतं. खरखरीबरोबर तंबोराही गेलेला असतो.

खरखर काढायच्या सॉफ्टवेअरला आधी खरखरीचा नमुना द्यावा लागतो. गाणं सुरू व्हायच्या आधीचे पाच-दहा सेकंद निवडायचे, 'हा आवाज नको' असं सांगायचं, की ते सगळ्या टेपमधून तेवढा आवाज उणा करतं. सिनेमातल्या गाण्याच्या कॅसेटवर हे बरं चालतं. बैठकीच्या टेपवर मात्र गायक तोंड उघडायच्या आधी वाजत काय असतं? तंबोरेच. टेप करणाऱ्यानं बटण दाबलं तेव्हा ते जुळून चालू झालेले होते. म्हणजे कचऱ्याचा नमुना म्हणून आपण तंबोराच दाखवला, आणि यंत्रानं इमानदारीनं तो शेवटपर्यंत पुसून काढला. समजा नमुना अगदी कोऱ्या टेपचा घेतला, तरी धोका टळत नाही. हळू, सतत आणि न बदलणारा आवाज म्हणजे कचरा, अशीच या यंत्राची शिकवण. तंबोऱ्याचं याहून नेमकं वर्णन कुणी करावं?

हीच शिकवण पुढं कानातल्या मशीनला मिळाली आहे, व्हिडिओ कॉलला मिळाली आहे, मोबाईलच्या रेकॉर्डरलाही मिळाली आहे. एकाच घरात दोन-तीन पिढ्या मिळून गाणं ऐकायला बसल्या की जी कुरबुर होते, तिच्यातली निम्मी या यंत्रांमुळं होते असं माझं मत आहे. उरलेली निम्मी स्वभावामुळं, आणि तिला औषध नाही.

सीमाभागातल्या जुन्या घरांत गाण्याचे थर सापडतात. माळ्यावरच्या ट्रंकेत लाखेच्या तबकड्या, एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं. त्याखाली कपाटात कॅसेटी. त्यांतही दोन वेगळे खण. एकात बैठकी आणि रेडिओवरून उतरवलेलं गाणं. दुसऱ्यात घरातल्या मुलानं कॉलेजात असताना जमवलेली इंग्रजी बँडं, कव्हरवर बॉलपेननं नाव लिहिलेली. आणि सगळ्यात वर हल्लीच्या पोरांचा फोन, ज्यात सगळंच आहे आणि हातात काहीच धरता येत नाही.

बेळगाव असं वसलंय की गाणं चारी बाजूंना होतं. धारवाड ऐंशी किलोमीटरच्या आत, मिरज रेल्वेनं तीनेक तासांवर, चोर्ला घाट उतरला की गोवा. धारवाडचं आकाशवाणी केंद्र १९५० पासूनचं. १९५२ पासून दर शनिवारी रात्री संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम लागायचा. त्यासाठी लोक जेवणं लवकर उरकून बसत, आणि पुढं टेपरेकॉर्डर आल्यावर रेडिओसमोर माइक ठेवून तो उतरवूनही घेत. इंग्रजी बँडांची हौस असलेल्यांची धाव बेंगळुरूपर्यंत जायची. रोलिंग स्टोन्स तिथं ४ एप्रिल २००३ ला वाजवून गेले. १७ मार्च २००७ ला आयर्न मेडन पॅलेस ग्राउंडवर आले. ३० ऑक्टोबर २०११ ला तिथंच मेटॅलिका. बेळगावाहून पाचशे किलोमीटर, रात्रीची बस, दुसऱ्या दिवशी दुपारपासून रांगेत, आणि कार्यक्रम सुटला की परत रात्रीची बस. त्या वेळी विशीत-तिशीत असलेली ही माणसं आता पन्नाशीकडं झुकली, काहींनी ती ओलांडली. 'जुने शौकीन' म्हणताना नजरेसमोर धोतर-टोपी येते. ती आता बदलायला हवी. काळा टी-शर्ट घातलेला, चाळिशीचा चष्मा लावलेला माणूसही त्यात आला.

आता कामाचं बोलू.

कॅसेटी उतरवायला बेळगावात पावसाळा टाळावा. जून ते सप्टेंबर खानापूर काय, शहर काय, कपाटातल्या कपड्यांनाही वास येतो. टेपला बुरशी धरते ती याच दिवसांत. कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या गुंडाळीकडं बघा. कडेवर पांढरे ठिपके किंवा पिठासारखा थर दिसला तर ती कॅसेट डेकमध्ये, म्हणजे वाजवायच्या यंत्रात, अजिबात घालू नका. एका कॅसेटची बुरशी हेडवर, म्हणजे टेपवरचा आवाज उचलणाऱ्या भागावर, बसते आणि तिथून पुढच्या दहांना लागते. अशा कॅसेटी वेगळ्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्या घालून, शेवटी. दिवाळी ते शिमगा हा खरा हंगाम. दोनशे कॅसेटी असतील आणि रोज रात्री दोन उतरल्या तर शंभर रात्री लागतात, म्हणजे हंगाम बरोबर पुरतो. घाई करून वेळ वाचत नाही, कारण नव्वद मिनिटांची कॅसेट उतरायला नव्वद मिनिटंच लागतात.

डेक जुनाच लागतो, आणि त्याचा रबरी बेल्ट बहुधा गेलेला असतो. वीस-पंचवीस वर्षं पडून राहिलेला बेल्ट ढिला होतो, नाहीतर वितळून डांबरासारखा होतो. ढिल्या बेल्टवर सूर डुलतो, लांब धरलेल्या षड्जावर ते लगेच कळतं. बेल्ट बदला, हेड आणि ते फिरणारं बारीक धातूचं दांडकं आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. रबरी चाकाला अल्कोहोल जपून लावा, त्यानं रबर कडक होतं. प्रत्येक कॅसेट वाजवायच्या आधी एकदा शेवटपर्यंत पुढं आणि एकदा मागं गुंडाळून घ्या. वर्षानुवर्षं न हललेली टेप आपसात चिकटलेली असते, ती सुटते. टेपच्या मागं पितळी पट्टीवर नमद्याचा एवढासा तुकडा असतो. तो टेपला हेडवर दाबून धरतो. डिंक वाळून तो पडतो, आणि आवाज एकदम पांघरुणातून आल्यासारखा येतो. टेप खराब झाली म्हणून लोक अशा कॅसेटी फेकून देतात. खरं तर पाच स्क्रू काढायचे आणि आतली गुंडाळी दुसऱ्या कॅसेटच्या डबीत ठेवायची. पंधरा मिनिटांचं काम. ज्या डबीला स्क्रू नसतात, जी नुसती चिकटवलेली असते, तिला मात्र ब्लेड लावावं लागतं.

यानंतर येतो तो बारीक स्क्रू, आणि इथं जरा थांबायला पाहिजे. हेडच्या एका बाजूला तो असतो, दुसऱ्या बाजूचा स्क्रू पक्का असतो. हा फिरवला की हेड केसभर कलतं. ज्या मशीनवर टेप झाली तिचं हेड ज्या कोनात होतं, त्याच कोनात आपलं हेड आलं नाही तर वरचे बारीक सूर गळतात. तबला ऐकू येतो, पण शाईच्या कडेची खणखण नाही. गाणं येतं, पण श्वास येत नाही. दोन्ही चॅनेल एकत्र करून, म्हणजे मोनो करून, हेडफोन लावा आणि स्क्रू आठव्या हिश्श्यानं इकडं, आठव्या हिश्श्यानं तिकडं फिरवत ऐका. कान कशावर ठेवायचा? तंबोऱ्याच्या जवारीवर, म्हणजे एकाच तारेतून उमटणाऱ्या अनेक सुरांच्या गुंजनावर. कोन जुळला की ती एकदम उघडते, धुक्यातनं ऊन पडावं तशी. मिरजेत सतारमेकर मंडळी तंबोरा तयार करतात तेव्हा शेवटचं काम हेच असतं: घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात तिचा, माथा घासत घासत आणायचा, मग तारेखाली सूत सरकवायचं. सूत गव्हाच्या दाण्याएवढं पुढं गेलं की तार मुकी, मागं आलं की नुसती झणझण, आणि मधेच कुठंतरी एक जागा अशी येते की एका तारेतून चार सूर निघायला लागतात. हेडचा स्क्रू आणि तारेखालचं सूत एकाच जातीची कामं आहेत. दोन्हीला मोजपट्टी नाही.

इथं आजोबा लागतात. वयानं वरचे सूर कमी ऐकू येत असले तरी जवारी उघडली म्हणजे काय झालं हे त्यांना ठाऊक असतं. नातवाला ऐकू येतं, पण कशाची वाट बघायची ते त्याला ठाऊक नसतं. दोघांनी एकेक हेडफोन लावून बसावं. पहिल्या चार कॅसेटींत पोराला जमतं.

डेकवर डॉल्बीचं बटण असतं. घरगुती टेपरेकॉर्डरवर झालेल्या बैठकींना ते बंद ठेवा. टेप करताना डॉल्बी नसेल आणि वाजवताना लावलं, तर तेही तंबोरा कापतं. (रे डॉल्बी या माणसानं १९६५ मध्ये कंपनी काढली ती टेपची खरखर कमी करण्यासाठी. आपल्याकडं, बेळगाव-कोल्हापूर-सांगली पट्ट्यात, 'डॉल्बी' म्हणजे गणपती विसर्जनाला खिडक्यांची तावदानं थरथरवणारी स्पीकरची भिंत. खरखर कमी करणाऱ्या माणसाच्या नावाचं हे असं झालं.)

डेकपासून लॅपटॉपला थेट वायर जोडू नका. लॅपटॉपचं ते एकुलतं भोक माइकसाठी असतं. तिथं डेकचा आवाज फाटून येतो, आणि मोनोच येतो. मधे यूएसबीचा ऑडिओ इंटरफेस घ्या, लाइन इन असलेला. ऑडॅसिटी फुकट मिळतं. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल. आवाजाचा काटा सगळ्यात चढ्या तानेला उणे सहा डेसिबलच्या खाली राहील असा ठेवा. पंचेचाळीस मिनिटांची एक बाजू सुमारे ७८० एमबी होते. नंतर फ्लॅकमध्ये केली की काहीही न गमावता साधारण निम्म्यावर येते. खरखर कमी करायचा मोह झालाच तर ३-४ डेसिबलवर थांबा, आणि मूळ फाइल कधीही पुसू नका. कान दहा मिनिटांत खरखरीला सरावतो. पुसलेला तंबोरा मात्र परत येत नाही.

जुन्या बैठकींच्या टेपमध्ये आणखी एक गंमत सापडते. गायिका काळी पाच या पट्टीत सुरू करते आणि तासाभरानं चढी वाटायला लागते. ती चढलेली नसते. टेपरेकॉर्डर सेलवर चालत होता आणि सेल उतरत गेले. मोटर मंदावली की टेप हळू सरकते, आणि तीच टेप नंतर नेहमीच्या गतीनं वाजवली की सूर चढतो. फोनवरच्या गिटारच्या ट्यूनरनं तंबोऱ्याचा षड्ज सुरुवातीला आणि शेवटी बघा. सुरुवातीला २३३ हर्ट्झ आणि शेवटी २४० असेल तर गती तीन टक्क्यांनी सरकली, म्हणजे अर्ध्या सुराचा अर्धा. सॉफ्टवेअरमध्ये हळूहळू उतरती दुरुस्ती देता येते. मात्र आधी आजोबांना विचारा. गायिकेनं मध्यंतरानंतर तंबोरे खरोखरच चढवून लावले असतील तर दुरुस्ती करून आपण बिघडवू. टेपमधल्या विजेच्या गुणगुणीवरून, त्या ५० हर्ट्झवरून, गती तपासावी असं पुस्तकी लोक सांगतात. सेलवर चालणाऱ्या मशीनला ती गुणगुण आणायची कुठून? आणि आपल्याकडची जुनी वीज ५० वर कधी स्थिर राहिली?

त्या मशीनमध्ये आवाज आपोआप कमी-जास्त करणारी सोय असे, ती निराळी. गायकानं मोठी तान घेतली की मशीन घाबरून सगळंच दाबतं. तान संपली की एक-दोन सेकंदांत तंबोरा खालून वर येतो, विहिरीतनं बादली यावी तसा. पुष्कळ जुन्या टेपवर हे ऐकू येतं. ते दुरुस्त होत नाही. काही जणांना आता तेच आवडतं.

कॅसेटीच्या कॉपीलाही पिढी असते. मूळ टेप, तिच्यावरून पहिली पिढी, तिच्यावरून दुसरी. दर पिढीला खरखर वाढते आणि वरचे सूर झडतात. अमेरिकेतल्या ग्रेटफुल डेड या बँडच्या चाहत्यांनी याचं मोठं शास्त्र केलं होतं. १९६५ ते १९९५ चाललेला हा बँड रोज वेगळं वाजवायचा, म्हणून प्रत्येक कार्यक्रमाची टेप लोकांना हवी असायची. बँडनं हरकत घेतली नाही. १९८४ पासून तर टेप करणाऱ्यांना बसायला वेगळी जागा दिली. अट एकच, टेप विकायची नाही, अदलाबदल करायची. त्या चाहत्यांच्या कॅसेटीवर तारीख, गाव, थिएटर, आवाज साउंडच्या टेबलावरून घेतला की प्रेक्षकांत बसून, आणि कॉपी कितव्या पिढीची, हे सगळं लिहिलेलं असे. आपल्या बैठकींच्या कॅसेटीवर बहुधा 'यमन, छान' एवढंच असतं. कुणाचा, कुठला, कुठल्या साली, ते आजोबांच्या डोक्यात. म्हणून टेप उतरवायच्या रात्री फाइलला नाव द्यायचं काम त्यांच्यासमोरच उरका: आधी साल-महिना-दिवस, मग गायक, गाव, राग, बाजू, आणि टेप मूळ की कॉपी. साल नक्की आठवत नसेल तर तसं लिहा, अंदाज ठोकून देऊ नका. तबल्याला कोण होतं, 'क्या बात है' म्हणून ओरडणारा कोण, मागं खोकतोय तो कोण, हेही विचारा. फोनवर त्यांचं बोलणं टेप करा आणि त्याच फोल्डरमध्ये ठेवा. हार्ड डिस्क दोन ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरात.

आणि यूट्यूबवर टाकायची घाई करू नका. कलाकाराच्या जिवंत कार्यक्रमावर कायद्यानं त्याचा हक्क पन्नास वर्षं राहतो, आणि विकत मिळालेल्या ध्वनिमुद्रिकेला प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं संरक्षण आहे. घरात ऐकायला, नातेवाइकांत द्यायला कुणी अडवत नाही.

बेळगावची पोरं नोकरीला पुणे-बेंगळुरूला. एकत्र ऐकणं आता बहुतेक वेळा फोनवरून होतं, आणि तिथं तंबोऱ्याची तिसरी शिकार होते. व्हिडिओ कॉल बोलण्यासाठी बनवलाय. पंख्याचा, एसीचा आवाज तो ओळखून पुसतो, आणि तंबोरा त्याच्या दृष्टीनं पंखाच. स्पीकरवर लावलेली भैरवी पलीकडं तुकड्या-तुकड्यांत पोहोचते. झूमवर 'ओरिजिनल साउंड' अशी एक सोय आहे, ती लावली की बरंच सुधारतं. त्याहून सोपं म्हणजे फाइलच आधी पाठवायची, व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून, म्हणजे ती दाबली जात नाही. मग दोन्हीकडं एकाच वेळी सुरू करायची आणि कॉल नुसता दाद द्यायला चालू ठेवायचा. अर्ध्या सेकंदाचं मागंपुढं होतं. आजीची 'वा' तिहाई संपायच्या आधीच येते, त्याला इलाज नाही.

कानातल्या मशीनचा विषय घरात कुणी काढत नाही, पण तोच सगळ्यात महत्त्वाचा. वयानं आधी वरचे सूर जातात, आणि जवारीचं सगळं सौंदर्य तिथंच असतं. मशीन लावलं की बोलणं स्वच्छ होतं आणि गाणं बिघडतं. याचं कारण असं: मशीनच्या स्पीकरचा आवाज त्याच्याच माइकमध्ये शिरला की शिट्टी वाजते. ती ओळखून मारायची सोय आत असते. एकाच सुरावर टिकणारा आवाज म्हणजे शिट्टी, असं ते धरून चालतं. मग बासरीचा लांब सूर, गायकाचा तार षड्ज, तंबोरा, सगळे शिट्टीत जमा होतात. काही वेळा तर मशीन त्या सुराला स्वतःचाच एक थरथरता जोडसूर लावतं, आणि ऐकणाऱ्याला वाटतं गवई बेसूर झाला. दुसरी अडचण अशी की मशीन बोलण्याच्या पातळीला जुळवलेलं असतं, समोरून आलेली मोठी तान त्यात फाटते. श्रवणतज्ज्ञाकडं जाऊन संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम मागून घ्या. त्यात शिट्टी मारणारी आणि गोंगाट कमी करणारी सोय बंद किंवा अगदी मंद हवी, आणि दोन्ही माइक सगळीकडचं ऐकणारे हवेत. तपासायला जाताना फोनवर तंबोरा घेऊन जा. पाच मिनिटं तो नीट ऐकू आला तर मशीन जुळलं.

प्रत्यक्ष कार्यक्रमाला तिन्ही पिढ्यांना एकत्र नेणं हा याहून अवघड खेळ. म्हाताऱ्यांच्या बोलण्यात रात्रभराच्या मैफली असतात: मध्यरात्रीचा मालकंस, पहाटेची भैरवी. पोरांना ते थापा वाटतं. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आल्यावर रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद झाला. सरकार वर्षातले मोजके दिवस, जास्तीत जास्त पंधरा, बारापर्यंत सूट देऊ शकतं, एवढंच. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवालाही आपल्या वेळा बदलाव्या लागल्या. एका अख्ख्या पिढीनं रात्री एकचा राग मैदानात बसून ऐकलेलाच नाही. बंदिस्त सभागृहाला हा नियम तसा लागत नाही, आणि घरात माइकच लागत नाही. म्हणून ऐकवायचंच असेल तर घरी बैठक करा.

बारा बाय वीसची खोली पुरते. गाणारा, साथीदार आणि तंबोऱ्यांना पन्नास चौरस फूट सोडले की मांडी घालून तीस माणसं बसतात. भिंतीकडेला चार खुर्च्या गुडघेदुखीवाल्यांना. खाली जाजम, त्यावर सतरंज्या. नुसत्या फरशीवर तबला खणखणत राहतो. खिडक्यांना जाड पडदे नकोत, त्यानं खोली मुकी होते. पंखा बंद, कारण पातं सूर कापतं: त्याखाली लांब सूर थरथरतो. एसी लावायचा असेल तर तासभर आधी लावून मग बंद करा. गार हवेत लावलेला तंबोरा माणसं भरली की उतरतोच, तेवढी पाच मिनिटं धरून चाला.

उलट बाजूनं, पोरांच्या बँडला म्हाताऱ्यांनीही जावं, पण जागा बघून. आवाज सगळ्यात चांगला असतो तो साउंडवाला त्याच्या टेबलाशी बसतो तिथं, कारण तो तिथलाच आवाज ऐकून जुळवतो. बासच्या मोठ्या खोक्यांसमोर उभं राहू नका. ८५ डेसिबल आवाज आठ तास चालतो, पण दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते, आणि १०० ला पंधरा मिनिटं उरतात. रॉकचा कार्यक्रम दोन तासांचा. फोमचे बोळे दोन बोटांत बारीक वळायचे, दुसऱ्या हातानं कान वर-मागं ओढायचा, आत सरकवून अर्धा मिनिट बोट दाबून धरायचं. नुसते टोचले तर काही उपयोग नाही. फोमनं गाणं बोदं होतं. संगीतासाठीचे वेगळे बोळे मिळतात, ते सगळे सूर सारखेच खाली आणतात. पॅलेस ग्राउंडच्या काळात बोळे घालणं बायकी समजत. त्या गड्यांपैकी कित्येकांच्या कानात आज रात्रीची शिट्टी वाजते, आणि तीही सतत, हळू, न बदलणारी. तिला पुसणारं मशीन अजून निघालेलं नाही.

पोरांना काय ऐकवायचं यावर माझं एकच म्हणणं: यादी देऊ नका. शंभर नावांची यादी घेऊन कुणी शौकीन झालेलं नाही. कॅसेटची एक बाजू द्या, तीही समोर बसून. आणि बेळगावात एक वाट आहे जी पुण्याला नाही. मराठी माणसानं ज्यांच्यावर जीव टाकला ते गवई घरी कन्नड बोलणारे: शहराजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेले कुमार गंधर्व, गदगकडचे भीमसेन जोशी, धारवाडचे मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगल. आजोबांनी मन्सूरांनी गायलेली वचनं, म्हणजे कन्नड भक्तिरचना, पन्नास वर्षं अर्थ न कळता ऐकलेली असतात. नातीला शाळेतल्या कन्नडमुळं तो अर्थ लागतो. ती शब्द सांगते, ते राग सांगतात. कुमारांचं तर लहानपणच असं की मोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून ते त्या जशाच्या तशा, तीन मिनिटांत संपवून गात. पोरगं फोनवरची जागा हुबेहूब म्हणून दाखवतंय म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

घरच्या बैठकीचं रेकॉर्डिंग फोनवर करणार असाल तर फोन एअरप्लेन मोडवर, गवयापासून सहा-आठ फुटांवर, बसलेल्या माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर. आवाज आपोआप जुळवणारी सोय बंद करता येईल असं रेकॉर्डर ॲप घ्या, नाहीतर तीच जुनी विहिरीतली बादली. आणि बटण गाणं सुरू झाल्यावर दाबू नका. तंबोऱ्याची गवसणी काढतात तेव्हाच दाबा. खुंटी पिळल्याचा करकर आवाज, मणी सरकवल्यावर तार जराशी चढते ती, सूत शोधणारं बोट, मागून कुणीतरी "पंखा बंद कर की रे" म्हणतंय, कपबशा. नंतर फाइल नीट करायला बसलात की ही पाच-सात मिनिटं कापायला हात शिवशिवतील. तेवढी राहू द्या.